आधी आणि व्याधी : मनोविश्लेषणाच्या दृष्टीने आरोग्य

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोग्य या विषयावर बोलण्याची आज्ञा कार्यकारिणीने आम्हांस केली, तेव्हा प्रथम आश्चर्य वाटले. आपल्या सभासदांत नामांकित डॉक्टरांची वाण नाही. आम्ही मात्र केंद्र सरकारच्या सेवेत फायलींच्या सहवासात आयुष्य काढलेले एक साधे बी. ए. त्या बी. ए.च्या वर्गात मानसशास्त्राचा एक पेपर होता आणि तेव्हापासून मनोविश्लेषणाची पुस्तके वाचण्याची आवड जडली, एवढाच काय तो आमचा अधिकार. म्हणून आज औषधोपचाराविषयी आम्ही काही सांगणार नाही. माणूस आजारी पडतो म्हणजे काय होते, आणि बरा होतो म्हणजे काय होते, याचा मनोविश्लेषणाने जो विचार केला, तो घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या दृष्टीने आपणांपुढे ठेवणार आहोत.

आपल्या या गुरुग्रामात शीतला मातेचे प्रसिद्ध मंदिर आहे. चैत्रात तेथे मोठी गर्दी लोटते आणि आईबाप मुलांचे जावळ काढावयास येतात. शीतला म्हणजे ज्या रोगाला आपण मराठीत 'देवी' म्हणत आलो, त्या रोगाची अधिष्ठात्री. भारतातील देवीचा अखेरचा स्थानिक रुग्ण १९७५ साली आढळला आणि १९८० साली हा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने केली. रोग गेला तो लसीने गेला, याविषयी शंका नको. तथापि, मंदिरातील गर्दी ओसरलेली नाही. लसीने रोगजंतू नष्ट झाला. मूल दगावेल की काय, ही आईच्या काळजातील धास्ती काही लसीने नष्ट होत नाही. ती कोठेतरी नेऊन ठेवावी लागते. रोगाला शरीराची बाजू असते तशी ही दुसरीही बाजू असते, आणि आजचा आमचा विषय ती दुसरी बाजू हा आहे.

आपल्या पूर्वजांनी या दोन बाजूंना दोन शब्द योजिले : आधी आणि व्याधी. व्याधी शरीराची, आधी मनाची. दोन्ही शब्द आपण एका दमात उच्चारतो, कारण अनुभवात त्या सहसा वेगळ्या सापडत नाहीत. 'आधी' या शब्दाचा मराठीत 'अगोदर' असाही अर्थ होतो. हा निव्वळ योगायोग आहे. परंतु पुष्कळ आजारांच्या बाबतीत तो अर्थही खरा ठरतो.

आपली मातृभाषाच या बाबतीत मोठी मनोवैज्ञानिक आहे. भीतीने आपल्या पोटात गोळा येतो, वाईट बातमीने हातपाय गळतात, काळजीने अन्न गोड लागत नाही, अपमान जिव्हारी लागतो. कोणी राग गिळतो, कोणी शब्द गिळतो. दुसऱ्याचा अपराध आपण पोटात घालतो आणि त्याचे गुपित पोटात ठेवतो. दुखणे आपण 'अंगावर काढतो'. हे सारे अलंकार आहेत, असे आपण समजतो. मनोविश्लेषण सांगते की, हे नुसते अलंकार नव्हेत. ज्या वाटेने दुःख मनातून शरीरात उतरते, त्या वाटेवरच्या या पाऊलखुणा आहेत. पोटात सारे काही ठेवणाऱ्या माणसाचे पोट पुढे दुखू लागले, तर नवल कसले?

या विचाराचा आरंभ व्हिएन्ना नगरीत झाला. योझेफ ब्रॉयर या नावाजलेल्या डॉक्टरकडे १८८० साली एकवीस वर्षांची एक तरुणी उपचारासाठी आली. वडिलांच्या प्राणांतिक आजारात त्यांची शुश्रूषा करता करता ती स्वतःच आजारी पडली होती. खोकला, उजव्या हाताचा लुळेपणा, दृष्टीचे विकार अशी अनेक लक्षणे होती. मात्र त्यांना पुरेसे असे शारीरिक कारण सापडेना. काही काळ तिची वाचाच गेली, आणि परत आली तेव्हा तिची मातृभाषा जर्मन तिला बोलता येईना. ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. आपल्याच माणसांत राहून आपलीच भाषा हरपणे, हे केवढे विलक्षण दुखणे! परप्रांती राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या ते काळजाला भिडावे.

तिच्या आजारातील एक प्रसंग प्रसिद्ध आहे. ऐन उन्हाळ्यात तिला पाणी पिणे अशक्य झाले. पेला ओठांपाशी नेला की ती तो दूर लोटी. सुमारे सहा आठवडे ती फळांवर तहान भागवीत होती. अशात एके दिवशी संमोहनावस्थेत तिने एक हकिगत सांगितली. घरातील शिक्षिकेचा कुत्रा पेल्यातून पाणी पिताना तिने पाहिला होता आणि तिला अतिशय किळस आली होती. परंतु शिष्टाचारापायी ती तेव्हा एक अक्षरही बोलली नव्हती. मनात दाबलेला तो सारा संताप तिने त्या दिवशी बोलून टाकला, पाणी मागितले आणि ती घटाघटा पाणी प्याली. या उपचाराला तिनेच नाव ठेवले 'बोलण्याचा उपचार'. थट्टेने ती त्याला 'धुराडे साफ करणे' असेही म्हणे. मराठीत यासाठी आपल्यापाशी 'मन मोकळे करणे' हा शब्दप्रयोग कितीतरी आधीपासून आहे.

१८९५ साली ब्रॉयर आणि त्याचा तरुण स्नेही सिग्मंड फ्रॉइड यांनी ही हकिगत 'ॲना ओ.' या टोपणनावाने प्रसिद्ध केली आणि मनोविश्लेषणाचा पाया घातला गेला. पुढे संशोधकांनी शोध घेतला तेव्हा कळले की, ब्रॉयरच्या उपचारानंतरही ही तरुणी काही वर्षे रुग्णालयांत जाऊन-येऊन होती. जादू झाली नव्हती. तथापि, तिचे पुढचे आयुष्य मोठे आहे. तिचे खरे नाव बर्था पापेनहाइम. अनाथ मुली आणि परित्यक्ता स्त्रिया यांच्यासाठी तिने जर्मनीत संस्था उभारल्या आणि १९०४ साली ज्यू स्त्रियांची देशव्यापी संघटना स्थापन केली. बोलण्याने तिची वाट मोकळी झाली. त्या वाटेने ती चालली ती कामाच्या आणि माणसांच्या बळावर. या गोष्टीकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

मनात दाबलेली गोष्ट शरीराला का छळते? १९०९ साली फ्रॉइड अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठात व्याख्याने देण्यास गेला, तेव्हा त्याने एक सुरेख दृष्टान्त दिला. समजा, अशा सभागृहात एक श्रोता गोंधळ घालू लागला. चारदोन बळकट मंडळींनी त्याला उचलून बाहेर काढले आणि तो पुन्हा आत येऊ नये म्हणून दाराला खुर्च्या लावून तेथे बसून राहिले. हे झाले दमन. आता तो गृहस्थ बाहेरून दारावर लाथा मारू लागला, तर व्याख्यान पूर्वीपेक्षाही कठीण! शिवाय दार धरून बसलेल्यांची शक्ती खर्च होते ती वेगळीच. ही दारावरची धडधड म्हणजे रोगाचे लक्षण. मग अध्यक्षांनी बाहेर जावे, त्या गृहस्थाशी बोलावे, तो नीट वागेल अशी हमी घेऊन त्याला आत आणावे. हे झाले मनोविश्लेषकाचे काम.

आमच्यासारख्या कारकुनी पिंडाच्या माणसाला यापेक्षा फाईलचा दृष्टान्त जवळचा वाटतो. एखादे नकोसे प्रकरण निकाली न काढता कपाटाच्या तळाशी दडपले, म्हणजे ते संपले असे कोणी समजू नये. ते स्मरणपत्रांच्या रूपाने परत येते. आधी साधे स्मरणपत्र, मग तातडीचे. अबोध मनातील दडपलेली प्रकरणेही अशीच स्मरणपत्रे धाडीत असतात : कधी डोकेदुखी, कधी निद्रानाश, कधी छातीतील धडधड. आपण गोळी घेऊन स्मरणपत्र फाडतो. मूळ प्रकरण तसेच प्रलंबित राहते.

समर्थांचे मनाचे श्लोक आपल्या घराघरांत पाठ असतात. त्या २०५ श्लोकांत समर्थांनी मनाला उपदेश केला. फ्रॉइडने दुसरी वाट धरली. त्याने मनाचे आधी ऐकून घेतले. आमच्या मते या दोन वाटा परस्परविरोधी नाहीत. ज्याचे कोणी ऐकून घेतले आहे, त्यालाच उपदेश पचतो.

आता आपण या विचाराच्या गाभ्याशी येतो. आपल्या घरांत एक वाक्य वारंवार ऐकू येते : 'काही नाही हो, मनाचे आहे.' सर्व तपासण्या झाल्या, सर्व रिपोर्ट चांगले आले, तरी दुखणे जाईना, की हे वाक्य येते. बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचा असतो. ऐकणाऱ्याला मात्र त्यातून ऐकू येते ते असे : तुम्ही सोंग करता आहात. मनोविश्लेषणाने मानवजातीला जर एक गोष्ट शिकविली असेल तर ती ही की, मनाचे दुखणे म्हणजे खोटे दुखणे नव्हे. त्या तरुणीची तहान खरी होती. सोंग करणारा माणूस आपण सोंग करतो आहोत हे जाणतो. येथे रोग्यालाच आपल्या रोगाचे कारण ठाऊक नसते. म्हणूनच त्याला रागावून उपयोग नसतो, आणि 'मन घट्ट करा' या सल्ल्याने तर दार अधिकच घट्ट लागते.

आमच्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. सातारा जिल्ह्यातील एका खेड्यातून एक वृद्ध माता पतिनिधनानंतर मुलाकडे गुरुग्रामला आल्या. चौदाव्या मजल्यावरचे घर, सर्व सुखसोयी, मुलगा-सून अतिशय प्रेमळ. तीनेक महिन्यांत त्यांना घशात काहीतरी अडकल्यासारखे होऊ लागले. घास उतरेना. वजन घटले. दुर्बिणीतून तपासणी झाली, थायरॉईडची झाली, रक्ताच्या चाचण्या झाल्या; दोष सापडला नाही. डॉक्टर सज्जन होते, परंतु बोलणे हिंदीत. या माउलीचे हिंदी 'हाँजी' आणि 'ठीक है' यांच्या पलीकडे जात नव्हते. सून शेजारी बसून त्यांच्या दुखण्याचे भाषांतर करी, आणि सुनेच्या देखत काही गोष्टी बोलायच्या नसतात, हे त्या पिढीला सांगावे लागत नाही.

सोसायटीतील एक मराठी बाई दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसू लागल्या. त्यांनी दुखण्याविषयी काहीच विचारले नाही. गावाकडे काय काय होते, एवढेच विचारले. आठदहा दिवसांनी माउली बोलल्या. पतीच्या निधनानंतर पंधरवडाही झाला नव्हता, तोच मुलाने दावणीची गाय विकली आणि घराला कुलूप लावले. पतीच्या हाताखाली वाढलेली ती गाय. 'पोर भल्यासाठीच करतंय, मग बोलायचं काय?' म्हणून त्या बोलल्या नाहीत. शब्द गिळला, आणि मग अन्न गिळता येईना. ही हकिगत त्यांनी एकदा नव्हे, पंधरा-वीस वेळा सांगितली. त्या बाईंनी प्रत्येक वेळी ती पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकली. हळूहळू घास उतरू लागला. पूर्ण आराम पडला असे आम्ही म्हणणार नाही. सणासुदीला अजून घसा धरतो. पुढे मुलाला हे कळले. गाय परत येणे शक्य नव्हते. मात्र वर्षश्राद्धाला तो आईला घेऊन गावी गेला आणि कुलूप तिच्या हातून उघडविले.

या उदाहरणात कोणी दुष्ट नाही. मुलाने जे केले ते आपल्यापैकी कोणीही केले असते. केवळ एक दुःख बोलावयाचे राहून गेले होते, आणि ते बोलण्यासाठी एक भाषा आणि एक माणूस हवा होता.

आपल्या देशात मनोविश्लेषण रुजविले ते कलकत्त्याच्या गिरींद्रशेखर बोस यांनी. पेशाने डॉक्टर असलेल्या बोसबाबूंनी १९२१ साली दमनाच्या कल्पनेवर प्रबंध लिहिला, १९२२ साली भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापिली आणि १९४० साली लुंबिनी पार्क हे मनोरुग्णालय सुरू केले. फ्रॉइडशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता; मतभेद झाले तेथे त्यांनी ते नम्रपणे, परंतु स्पष्ट शब्दांत मांडले. दोघांची भेट मात्र कधी झाली नाही. १९३१ साली फ्रॉइडच्या पंचाहत्तरीनिमित्त या संस्थेने त्याला विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट पाठविली. ती त्याने आपल्या मेजावर ठेवली, आणि आजही ती लंडन येथील त्याच्या वास्तुसंग्रहालयात आहे.

त्यानंतरच्या पिढीतील मोठे नाव सुधीर कक्कर यांचे. त्यांनी दिल्लीत मनोविश्लेषक म्हणून काम केले, उत्तरायुष्य गोव्यात बाणावली येथे घालविले आणि २०२४ साली त्यांचे निधन झाले. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात राजस्थानातील मेहंदीपूरच्या बालाजीचे वर्णन आहे. आपल्यापैकी अनेकांनी जयपूर-आग्रा रस्त्याने जाताना त्या स्थानाची पाटी पाहिली असेल. भूतबाधा झालेल्यांना तेथे आणतात. तेथील परिभाषा ऐकून आमच्यासारख्या सरकारी नोकराला घरी आल्यासारखे वाटते. आधी 'दरख्वास्त', मग 'अर्जी', आणि त्यानंतर भुताची 'पेशी'! प्रेतराज सरकारचा दरबार, भैरव कोतवाल. पेशीत रोगी घुमू लागतो आणि भूत त्याच्या तोंडून बोलू लागते.

हे वर्णन आपल्याला परके नाही. दत्तसंप्रदायातील गाणगापूरला हेच दृश्य दिसते, आणि 'अंगात येणे' हा शब्दप्रयोग मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. कक्कर यांच्यासारख्या मनोविश्लेषकाची दृष्टी अशा ठिकाणी भुतावर विश्वास ठेवीत नाही, आणि रोग्याला हसतही नाही. ती विचारते : हे भूत काय बोलते आहे? पुष्कळदा असे दिसते की, घरात ज्याला तोंड उघडण्याची मुभा नाही तो भुताच्या तोंडून बोलतो. जी सून सासूपुढे मान वर करीत नाही, तिच्या अंगातले भूत सासूला चार शब्द सुनावते आणि सारे घर हात जोडून ऐकते. शिवाय रोगी तेथे एकटा नसतो. घरची माणसे त्याच्याबरोबर मुक्काम करतात. मात्र रोग्याला साखळीने बांधणे, मारहाण करणे, औषध बंद करणे, असे प्रकार जेथे घडतात तेथे डोळे मिटून घेता येणार नाहीत. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला तो अशा अघोरी प्रकारांना आळा घालण्यासाठीच. भुताचे म्हणणे काय, ते जरूर ऐकावे. भूत काढण्याच्या नावाखाली माणसाचे हाल मात्र होऊ देऊ नयेत.

मनोविश्लेषणाच्या मर्यादाही सांगणे आमचे कर्तव्य आहे. या शास्त्रालाही एके काळी सर्व रोगांची किल्ली हाती आल्याचा भास झाला होता. शिकागोचे फ्रांझ अलेक्झांडर यांनी १९५० साली मनोकायिक वैद्यकावर मोठा ग्रंथ लिहिला. जठरव्रण, दमा, रक्तदाब अशा रोगांमागे विशिष्ट मानसिक द्वंद्वे असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. जठरव्रण म्हणजे अल्सर हा तर चिंतेचाच रोग, असे पुढे सर्वत्र मानले जाऊ लागले. १९८२ साली ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी दाखवून दिले की, पुष्कळशा जठरव्रणांच्या मुळाशी एक जंतू असतो. तज्ज्ञांचा विश्वास बसेना, तेव्हा मार्शल यांनी त्या जंतूचे पाणी स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला! २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या रोग्यांना वर्षानुवर्षे 'काळजी करू नका' असे सांगण्यात आले, ते प्रतिजैविकांच्या एका क्रमाने बरे होऊ लागले.

तात्पर्य हे की, आधी शरीराची तपासणी पूर्ण करावी. 'मनाचे आहे' हा निर्णय आळसाने करू नये. तीव्र नैराश्य, स्किझोफ्रेनिया यांसारख्या आजारांत औषधे अत्यावश्यक असतात, आणि आज इतरही मानसोपचारपद्धती उपलब्ध आहेत. आणि ज्ञान म्हणजे आरोग्य, असाही भ्रम नको. मनाचे एवढे तळ शोधणाऱ्या फ्रॉइडला सिगार सोडता आली नाही. १९२३ साली त्याला जबड्याचा कर्करोग जडला, पुढील सोळा वर्षांत तीसहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या, तरी सिगार सुटली नाही. त्याच आजारात १९३९ साली तो वारला.

मग मनोविश्लेषणाच्या दृष्टीने आरोग्य म्हणजे काय? पहिली गोष्ट, रोगी आणि निरोगी यांच्यामध्ये भिंत नाही. १९०१ साली फ्रॉइडने रोजच्या जीवनातील चुकांवर पुस्तक लिहिले : नाव विसरणे, भलताच शब्द तोंडून जाणे, वस्तू हरविणे. जी यंत्रणा रोग्याच्या मनात चालते तीच आपल्या सर्वांच्या मनात चालते. फरक प्रमाणाचा आहे. आपल्या महाराष्ट्रात कोणाची थट्टा करायची तर 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला पाठवा' म्हणतात. इकडे उत्तरेत आग्रा आणि रांची म्हणतात. गाव बदलले, थट्टा तीच. या थट्टेमागे भीती आहे, आणि त्या भीतीपायी कित्येक कुटुंबे मानसोपचारतज्ज्ञाची पायरी चढत नाहीत.

दुसरी गोष्ट, आरोग्य म्हणजे दुःखाचा अभाव नव्हे. १८९५च्या त्या पुस्तकाच्या अखेरीस फ्रॉइडने मोठे प्रामाणिक आश्वासन दिले आहे. रोगट यातनेचे रूपांतर सर्वसाधारण दुःखात झाले तरी पुष्कळ साधले, अशा आशयाचे ते बोल आहेत. साधे दुःख माणूस सोसू शकतो, त्याविषयी बोलू शकतो, ते पदरी घेऊन कामाला लागू शकतो. निरोगी माणसाला काय करता आले पाहिजे, या प्रश्नावर फ्रॉइडने 'प्रेम आणि काम' एवढेच उत्तर दिले होते, अशी आठवण एरिक एरिक्सन यांनी नोंदविली आहे. बर्था पापेनहाइमचे आयुष्य आम्ही मघाशी सांगितले ते याचसाठी. माणसांवर जीव लावता येणे आणि हातून काम होणे, हे आरोग्य.

तिसरी गोष्ट आपल्याला फार जवळची आहे. शोक आणि विषाद यांवरील १९१७च्या निबंधात फ्रॉइड म्हणतो की, शोक केवळ माणूस गेल्यानेच होतो असे नाही. देशासारखी एखादी गोष्ट हरपल्यानेही तसाच शोक होतो. आणि शोक हा रोग नव्हे; त्याला त्याचा वेळ द्यावा लागतो. जो शोक करू दिला जात नाही तो आतल्या आत कुजतो. आपण येथे आलो ते बदलीच्या हुकमाने, नोकरीच्या शोधात किंवा लग्न होऊन. प्रत्येकाचे काहीतरी मागे राहिले आहे : अंगण, नदीचा घाट, वाड्यातील माणसे, बोलीतला हेल. 'इतके चांगले चालले असता रडायचे कशाला?' म्हणून त्याचा शोक आपण बहुधा केलेलाच नसतो. मुलांचेही तसेच. बदलीबरोबर शाळा बदलते आणि सोमवारी सकाळी मुलाचे पोट दुखू लागते. ते पोट खरेच दुखत असते. अगोदर डॉक्टरांना दाखवावे, आणि मग त्याच्या मागे राहिलेल्या मित्राची चौकशी करावी.

आता शेवटचा मुद्दा. आपल्या मंडळाने पन्नास वर्षांत गणेशोत्सव केले, नाटके केली, कोजागिरी केली. आमची अशी धारणा आहे की, या सर्वांत मंडळाने नकळत आरोग्याचेच कार्य केले. लंडन येथे मायकेल बालिंट यांनी साध्या कुटुंब-डॉक्टरांना एकत्र बसवून त्यांच्या रोग्यांविषयी चर्चा घडविल्या आणि १९५७ साली त्यावर ग्रंथ लिहिला. डॉक्टर जी औषधे देतो, त्यांत सर्वांत अधिक दिले जाणारे औषध म्हणजे तो स्वतः, हा त्याचा निष्कर्ष. आम्ही म्हणू, आपल्या भाषेत शांतपणे ऐकून घेणारा माणूस हेही तसेच औषध आहे, आणि ते प्रत्येक सभासदाच्या घरी आहे.

यास्तव सुवर्णमहोत्सवी वर्षात तीन सूचना नम्रपणे करतो. पहिली, घरोघरी गावाहून आलेल्या वृद्ध मंडळींची आठवड्यातून एक बैठक व्हावी; तेथे कार्यक्रम नको, भाषण तर नकोच, नुसते बोलणे असावे. दुसरी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अनेक ठिकाणी विधवा भगिनींना बोलावीत नाहीत. ज्या स्त्रीला बोलण्याची सर्वाधिक गरज, तीच त्या संध्याकाळी चौदाव्या मजल्यावर एकटी बसते. तिला सन्मानाने आधी बोलवावे. तिसरी, दुखणे बोलण्याच्या पलीकडचे असेल, झोप-भूक आठवडेच्या आठवडे नाहीशी झाली असेल, जीव देण्याची भाषा निघत असेल, तर तत्काळ तज्ज्ञाकडे जावे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजारासाठीही शारीरिक आजाराप्रमाणेच विम्याची तरतूद करण्याचे बंधन विमा कंपन्यांवर घातले आहे. केंद्र शासनाची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा २०२२ सालापासून १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. हा क्रमांक मंडळाच्या सूचनाफलकावर कायमचा लिहावा, अशी आमची विनंती आहे.

भगिनींनो आणि बंधूंनो, आपणांपैकी काहींच्या घरी आज कोणाचे तरी डोके दुखत असेल, कोणाचे पाय भाजत असतील, कोणाला झोप येत नसेल. घरी गेल्यावर 'आता कसे आहे?' असे विचाराल, ते योग्यच आहे. परंतु त्यानंतर थोडे थांबा, जवळ बसा, आणि जे काही बोलणे निघेल ते, पूर्वी शंभर वेळा ऐकलेले असले तरीही, पुरते ऐकून घ्या.